गुरुवारचं वाळवंट

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

माझा अंगठा! माझा अंगठासुद्धा चोरलाय त्या बयेनं!

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात आली. 'मृगजळ टूर्स — सोनेरी जैसलमेर, फक्त महिलांसाठी.' फोटो गडीसर तलावाचा. पाण्यातल्या दगडी छत्र्या, कोवळं ऊन, आणि डाव्या कोपऱ्यात गुलाबी काहीतरी धूसर. लोकांना वाटेल ढग आहे. ढग नाही तो, माझा अंगठा आहे! मीच काढलाय तो फोटो. मागच्या खेपेला, बोटीतून उतरताना, गडबडीत.

खाली नाव कुणाचं? अपूर्वाचं.

अपूर्वा! माझ्याकडे आली तेव्हा तिला जोधपूर आणि जयपूर यांतला फरक कळत नव्हता. हिंजवडीतली नोकरी गेलेली, घरात तोंड पाडून बसलेली. मीच म्हटलं, चल माझ्या 'सोबतीण सहलीं'मध्ये. किल्ल्यात कुठल्या गल्लीनं शिरायचं म्हणजे बायका चपलांच्या दुकानांत अडकत नाहीत, पटव्यांच्या हवेलीत गुडघेवाल्यांना कुठं बसवायचं, उंटवाल्याशी घासाघीस कशी करायची — सगळं हाताला धरून शिकवलं. दिवाळीआधी म्हणाली, "ताई, मी जरा ब्रेक घेते." मी म्हटलं, घे बाई, दमलीस.

ब्रेक घेतला म्हणे! 'मृगजळ' नाव ठेवलंय कंपनीचं. म्हणजे जे दिसतं ते नसतं. निदान नाव तरी खरं ठेवलं.

आणि जाहिरातीत खाली ते वाक्य! 'पायाला वाळू लागली की माणूस हलकं होतं.' ते मी म्हणते! दर वेळी, जैसलमेरजवळच्या समच्या वाळूत बायकांना चपला काढायला लावते तेव्हा.

बुधवार, ५ नोव्हेंबर

डिसेंबरअखेरची माझी जैसलमेर रद्द. ज्यांनी माझ्याकडे नावं दिली होती त्या एकेक करून तिकडे सरकल्या. "ज्ञानदाताई, रागवू नका हं, पण तिची तिकडे फिरायची बस नवी आहे." बस नवी आहे! बसमध्ये राहायला जाताय का?

आणि जनार्दनही तिच्याबरोबर चाललाय. आमचा स्वयंपाकी. पौडचा. त्याच्याशिवाय राजस्थानची सहल म्हणजे काय? बायका पहिल्या दिवशी दाल-बाटीचे फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी "ताई, वरणभात मिळेल का हो" म्हणून मागे लागतात. जनार्दन गोडा मसाला, कोकम, ज्वारीचं पीठ, सगळं पोत्यात घालून गाडीत चढतो आणि वाळवंटात आमटी उकळतो. सहल त्या आमटीवर चालते. अपूर्वाला हे कुणी शिकवलं? मीच!

जयसिंगना सांगितलं. नवरा म्हणून दोन शब्द चिडून बोलतील, तर "जाऊ दे की. वाळवंट काय संपतंय व्हय?" आणि पेपर वाचायला लागले.

मला पेपरच फाडावासा वाटला.

शनिवार, ८ नोव्हेंबर

भेटली. मारुंजीच्या रस्त्यावर, भाजीवाल्याकडे. मेथी निवडत होती. मला बघून लाज वाटावी ना? छे! "ताई! किती दिवसांनी!"

म्हटलं, "फोटो माझा आहे."

"अगं बाई, हो का? माझ्या फोनमध्ये होता, मला वाटलं मीच काढलाय."

"आणि वाक्य?"

 मग मेथीची जुडी पिशवीत टाकत म्हणाली, "ताई, वाळवंट काय तुमच्या मालकीचं आहे का?"

भाजीवाला हसला. माझी कानशिलं तापली.  घरी येईपर्यंत निदान दहा उत्तरं सुचली. आता काय उपयोग!

पण ठरलं. बघच तू अपूर्वा. तुझं वाळवंट तुझ्याच घशात घालते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ताम्हिणीला जाऊन आले. सासूबाईंची औषधं पोचवायची होती. त्या थोरल्या दिरांकडे राहतात. पाऊस संपून इतके दिवस झाले तरी घरातल्या भिंती ओल्याच. गोधड्यांना वास. सासूबाई अंगणात उन्हाला पाठ देऊन बसल्या होत्या.

मला बघितल्याबरोबर, "औंदा तरी नेतीस का मला तुज्या वाळवंटात?"

दर वर्षी विचारतात. आयुष्य ताम्हिणीच्या पावसात गेलं — चुलीवर कपडे वाळवले, मीठ पाण्यात विरघळलेलं बघितलं, पोरांची लंगोटी कधी कोरडी मिळाली नाही. एकदा मी जैसलमेरचं सांगत होते तर हात थांबवून ऐकत राहिल्या. "पाऊसच न्हाई? म्हंजी कापडं वाळत घातली की वाळत्यात? तवाच?" तेव्हापासून डोक्यात बसलंय. कधी गाय विणार असते, कधी त्यांचा गुडघा, कधी माझी गाडी भरलेली.

आणि या वर्षी खरंच नेणार होते हो! खिडकीची जागा ठेवली होती. सांगावं लागलं, सहल रद्द झाली. सगळं सांगितलं, अपूर्वानं कसं फसवलं, अंगठ्यासकट.

त्यांनी ऐकून घेतलं. "आसं व्हय," एवढंच म्हणाल्या. तोंड उतरलं बिचारीचं.

निघताना आंबेमोहोर तांदूळ दिला. मीच शिवून दिलेल्या पिशवीत — माझ्या जुन्या हिरव्या साडीची, जांभळ्या काठाची. दर वेळचं वाक्य: "पिशवी परत दे बरं का." जयसिंगबरोबर पाठवते म्हटलं.

येताना घाटात गाडी चालवत रडले. सासूबाईंचं वाळवंटही पळवलं हिनं. हे मी सोडणार नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सापडलं! सापडलं! देवा, किती सोपं!

अपूर्वाचा कार्यक्रम बघत होते. ४ डिसेंबर — सकाळी कुलधरा, दुपारनंतर सम, तंबूत मुक्काम. ४ डिसेंबर म्हणजे गुरुवार. आणि महिना कुठला? मार्गशीर्ष!

बाई, कॅलेंडर उघडून तरी बघायचंस! निम्म्या बायकांचा महालक्ष्मीचा उपास. दिवसभर पोटात काही नाही. संध्याकाळी घट, पूजा, कहाणी, नैवेद्य, मग उपास सोडायचा — आणि तोही घरच्यासारख्या जेवणानं, कांदा-लसणाशिवाय. मी इतक्या वर्षांत एकदाही मार्गशीर्षात सहल काढली नाही. ही ताई-ताई करत माझ्या मागे फिरली, पण हे काही उचललं नाही.

तिला वाचवणार एकच माणूस. जनार्दन. तो असला तर वाळूतही वरण-भात, आमटी, शिरा सगळं करेल. बायका खूश.

आणि तो नसला तर?

सोमवार, १७ नोव्हेंबर

पौडला गेले होते, उगीचच. जनार्दनच्या घरी चहा घेतला. मसाला भाजत होता, अंगणभर वास. म्हाताऱ्याच्या हाताला चव आहे, पण राग नाकाच्या शेंड्यावर! बिकानेरला एक बाई भाजीला अळणी म्हणाली होती, तर हा पातेलं तसंच टाकून स्टेशनवर जाऊन बसला. मी हात जोडले तेव्हा उठला.

तेच आठवून तर आले होते.

"ताई, तुमी न्हाई आलात तर मजा न्हाई," म्हणाला.

"अपूर्वा नीट वागते ना तुमच्याशी?" मी विचारलं. एवढंच. बाकीचं वेळ आल्यावर.

गुरुवार, २० नोव्हेंबर

नणंदबाईंचा माणगावहून फोन नाही, काही नाही, आणि सासूबाई म्हणे त्यांच्याकडे आठवडाभर राहायला जाणार आहेत. थंडीच्या दिवसांत खाली कोकणात बरं वाटतं म्हणे. जयसिंग म्हणाले, "मी सोडतो आईला, तू नगं त्रास घिऊ." म्हटलं, तेवढी पिशवी द्या त्यांना. मी कुठं मोकळी आहे त्रास घ्यायला!

रविवार, २३ नोव्हेंबर

अपूर्वानं ग्रुपवर टाकलं: 'सर्व जागा भरल्या.' वर उंटाचं चित्र. नाचणारं.

नाच म्हणावं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

गेली त्यांची गाडी. जयसिंगही पहाटेच बाहेर पडले, आईला न्यायला. घर रिकामं. मजेत कॉफी प्यायले.

शेजारची जान्हवी, यंदाच राहायला आलेली, गेलीय त्यांच्यात. ती मला सगळं कळवणार. तिला काही माहीत नाही, बडबडी आहे एवढंच. "ताई, तुम्हाला मिस करतोय!" असा स्टेशनवरूनच मेसेज. मीही हृदय पाठवलं.

मंगळवार, २ डिसेंबर

जान्हवीचे आवाजातले निरोप सकाळपासून. किल्ला बघितला. सोनेरी दगड, अरुंद गल्ल्या, वरच्या मजल्यांवर वाळत घातलेल्या चादरी — किल्ल्यात अजून माणसं राहतात याचंच सगळ्यांना नवल. पटव्यांची हवेली. तिथं अपूर्वा म्हणे कोरीवकामाबद्दल इतकं छान बोलली! माझं बोलणं आहे ते, शब्दन् शब्द.

आणि एक आजी म्हणे सगळ्यांना हसवतेय. हॉटेलच्या गच्चीवर लुगडं धुऊन वाळत घातलं आणि खुर्ची टाकून समोर बसली. चहा संपायच्या आत लुगडं कोरडं. मग तेच परत भिजवलं आणि परत वाळत घातलं! बायका टाळ्या वाजवत होत्या.

सगळ्या म्हाताऱ्यांना एकच वेड दिसतं. सासूबाईंना सांगेन, तुमच्यासारखी एक आहे म्हणून.

जेवण फर्स्ट क्लास. "जनार्दनभाऊंची आमटी म्हणजे अमृत!"

प्या, प्या.

बुधवार, ३ डिसेंबर

केला फोन. आज ते बडा बाग बघायला गेले होते, राजांच्या समाधीच्या छत्र्या. जनार्दन हॉटेलवरच स्वयंपाकात होता.

माझा आवाज ऐकून खूश झाला. "ताई! आवो हितं तुमच्या—" असं काहीतरी सांगायला लागला. मी मध्येच तोडलं. म्हटलं, "जनार्दनभाऊ, मला राहवलं नाही म्हणून फोन केला. तुम्ही माझे जुने माणूस. तुमच्याबद्दल कुणी असं बोलावं हे मला सहन होत नाही."

"कोन काय बोललं?"

"जाऊ द्या."

"सांगा ताई."

"अपूर्वा म्हणत होती, म्हातारा आमटीत तांब्यानं पाणी ओततो. पुढच्या खेपेला बदलूनच टाकू म्हणाली."

 पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग फोन बंद.

फोन ठेवून घरभर फेऱ्या मारल्या. भीतीनं नाही. आनंदानं! वाळवंट कुणाच्या मालकीचं आहे, विचारत होतीस ना?

गुरुवार, ४ डिसेंबर

सकाळ. गेला! जान्हवीचा निरोप — "ताई, जनार्दनभाऊ पहाटेच निघून गेले! त्यांच्या घरी कुणीतरी आजारी आहे म्हणे. मसाल्याचं पोतंसुद्धा घेऊन गेले! अपूर्वा रडकुंडीला आलीय."

घरी कुणी आजारी? असं का सांगितलं त्यानं? अपमान झाला हे सांगायला लाज वाटली असेल. बरंच झालं, माझं नावही नाही आलं.

दुपार. माझाही उपास आहे. पाट मांडला, घट बसवला, पाच पानं, नारळ. कुलधऱ्याचा निरोप आला. मला कुलधरा सगळ्यांत आवडतं. ओस पडलेलं गाव, छप्पर नसलेली घरं. एका रात्रीत सगळी माणसं निघून गेली आणि जाताना शाप देऊन गेली, इथं पुन्हा कुणी नांदणार नाही — असं तिथले लोक सांगतात. मी ते सांगते तेव्हा बायकांच्या अंगावर काटा येतो. असं जावं तर जावं!

पण आज ती लुगडंवाली आजी मध्येच म्हणाली म्हणे, "शापबिप काय न्हाई बायांनो. पाणी आटलं आसंल, म्हून गेली." सगळ्या हसल्या. गोष्टीचा पार विचका! बोलण्यावरून मावळातलीच कुणीतरी दिसते.

संध्याकाळ. पूजा झाली. कहाणी वाचली, पण लक्ष फोनकडे. देवीसमोर बसून मी फोनकडे बघत होते, हे लिहून ठेवते.

आला निरोप! समच्या तंबूत जेवण कसं, तर तिखटजाळ, सगळ्यात कांदा-लसूण. उपासवाल्या बायका तोंडं पाडून बसल्यात. कुणी कुणी चिप्सवर उपास सोडला! दोघी अपूर्वावर ओरडल्या — "पैसे कशाचे घेतलेस?" वाद्यं वाजतायत, नाच चाललाय, आणि कुणाचं लक्ष नाही.

आणि सगळ्यांत भारी म्हणजे ती आजी अडून बसलीय! "परसाद झाल्याबिगर मी त्वांडात पाणी घालनार न्हाई." सकाळपासून काही खाल्लेलं नाही, साखरेची गोळी घेतलेली. वाळूतच बसलीय. उठवलं तर घेरी आली म्हणे.

बसू दे! येऊ दे घेरी! अपूर्वाला कळू दे, माणसांना वाळवंट दाखवणं म्हणजे फोटो चिकटवणं नव्हे. आणखी दोघी-चौघी पडल्या पाहिजेत.

मी शिरा खाल्ला. छान झाला होता.

शुक्रवार, ५ डिसेंबर

हात चालत नाही लिहायला.

सकाळी जान्हवीनं फोटो पाठवले. "ताई, काल काय झालं माहितीय का! आजींनीच सगळं सावरलं!" फोटोत संध्याकाळ आहे. वाळूत शेगडी, तंबूवाल्यांकडून मागून आणलेली. शेगडीसमोर अपूर्वा, केस विस्कटलेले, डोळे लाल, हातात पळी. बाजूला वाळूतच तांब्याचा घट बसवलेला, नारळ, कुणाच्यातरी पिशवीतली विड्याची पानं. सभोवती सगळ्या बायका. कुणाकडे लोणचं, कुणाकडे गूळ, कुणाकडे मेतकूट, जे ते काढून दिलेलं. आणि शेगडीशेजारी एक पिशवी, तोंड उघडं, आत पांढरा तांदूळ.

हिरवी पिशवी. जांभळा काठ.

मी फोटो मोठा केला. परत मोठा केला. त्या पिशवीचा एक बंद मी काळ्या दोऱ्यानं शिवलाय, हिरवा संपला होता म्हणून. काळा दोरा दिसला.

माणगावला फोन लावला. नणंदबाई म्हणाल्या, "आई? आई हितं कुटं? वैनी, तुमाला कुनी सांगितलं?"

जयसिंग अंघोळीला गेले होते. मी दार बडवलं. ओल्या अंगानंच बाहेर आले. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं.

"आई तिकडंच हाय," म्हणाले. "तू सांगून आलीस ना सहल रद्द झाली म्हून, त्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं माझ्याकडून अपूर्वाला फोन लावून घेतला. पुढच्या वर्षी मी असंन का नसंन, म्हणाली. अपूर्वा लगेच न्हेते म्हणाली. तुला सांगू नगं, लई चिडंल, आसं आईच म्हणाली."

मी खाली बसले, तिथंच, पायपुसण्यावर.

लुगडंवाली आजी. अडून बसलेली आजी. वाळूत घेरी आलेली. आणि मी काय लिहिलंय वर? 'येऊ दे घेरी.' माझंच अक्षर आहे. काल शिरा खाताना लिहिलंय.

अपूर्वाला फोन केला. लगेच घेतला. आवाज बसलेला. "ताई, तुम्हाला कळलंच ना शेवटी. आजी बऱ्या आहेत. काल घाबरले हो मी. जनार्दनभाऊ ऐन वेळी गेले. आजींनी मला शेगडीसमोर बसवलं आणि मागून सांगत राहिल्या, आता पाणी घाल, आता झाकण ठेव. त्यांच्याजवळचा आंबेमोहोर आधी देवीला, मग सगळ्यांना घास-घास. भात खाली लागला होता तरी सगळ्यांनी खाल्ला." मग म्हणाली, "ताई, माझं चुकलं. तुम्ही असतात तर मार्गशीर्षात काढलीच नसती सहल."

हेच ऐकायचं होतं ना मला? महिनाभर हेच ऐकायचं होतं. "काळजी घे त्यांची" म्हटलं आणि फोन ठेवला.

शनिवार, ६ डिसेंबर

जनार्दनचा फोन लागत नाही. त्यानं सासूबाईंना ओळखलं असणारच. घरच्या पूजेला आला होता की स्वयंपाकाला. बुधवारी 'हितं तुमच्या—' म्हणाला, ते हेच सांगत होता. तुमच्या सासूबाई. आणि मी तोडलं.

त्यानं जाताना कुणाला काही सांगितलं असेल का?

सोमवार, ८ डिसेंबर

आल्या! स्टेशनवर मीच गेले आणायला. जयसिंगना म्हटलं, तुम्ही राहू द्या.

काळवंडल्यात, वाळल्यात, आणि तोंडभर हसतायत. गाडीत बसल्यापासून तोंडाला खळ नाही. "आगं, वाळू हातात धरली तर बोटातनं जातीया. चिकटत न्हाई! आपली माती सोडती का कदी?" किल्ल्याबद्दल: "लई दगूड." उंटाबद्दल: "त्यो बसतोय तवाच माणसानं देवाचं नाव घ्यावं." गडीसरात एवढं पाणी बघून म्हणे त्यांना रागच आला — "म्हटलं आता हितं बी पाणी दावायला आणलं व्हय मला!" मी हसले. खूप दिवसांनी हसले.

घेरीचा विषय मीच काढला. "त्यात काय. उपासात येती," म्हणाल्या.

जनार्दनचा विषय काढला. "त्याच्या घरी कोन आजारी हाय म्हनं," म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

माझा जीव भांड्यात पडला.

सुटले. कुणाला काही कळलेलं नाही. सासूबाई धडधाकट आहेत, त्यांना त्यांचं वाळवंट मिळालं. वाईट काहीच झालं नाही शेवटी.

मंगळवार, ९ डिसेंबर

खरं सांगू? राग गेलेला नाही. हेच वाईट. जान्हवी सांगत होती, त्या वाळूतल्या भाताचं सगळ्यांना इतकं अप्रूप, की पुढच्या वर्षी परत तसंच करायचं ठरलंय. गुरुवारच धरून! अपूर्वानं जाहिरातही टाकली, 'मार्गशीर्ष गुरुवार, वाळवंटातला नैवेद्य.' फोटोत माझ्या हातची पिशवी. आधी अंगठा, आता पिशवी!

म्हणजे मी तिचं वाटोळं करायला गेले आणि तिला दुकान उघडून दिलं. पोटात नुसती आग.

पिशवीकडे बघितलं की मात्र आग विझते आणि दुसरंच काहीतरी होतं. ते लिहिता येत नाही.

सोमवार, १५ डिसेंबर

सासूबाई अजून आमच्याकडेच आहेत. शेवटच्या गुरुवारी हळदीकुंकू करू म्हणतात. कुणाला बोलवायचं विचारलं तर, "ती मी बगते, तू सैपाक कर." गच्चीत रोज लुगडं वाळत घालतात आणि किती वेळात वाळलं ते मला येऊन सांगतात.

गुरुवार, १८ डिसेंबर

शेवटचा गुरुवार. नैवेद्य झाला. आमटी मन लावून केली होती, कोकम, गूळ, गोडा मसाला. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, वास घेतला, "ब्येस झालीया" म्हणाल्या. मग माठातून तांब्या भरला आणि सगळाच्या सगळा आमटीत ओतला. पळीनं ढवळलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आता वाढायला घे," म्हणाल्या. "जनार्दन आन् अपूर्वा खाली आल्यात. माज्या म्होरं तूच वाढ, आन् पानी कुनी वतलं ते बी तूच सांग."

बेल वाजली.